जगण्यासाठी सावली, वाढण्यासाठी ऊन : बालाघाटातील वृक्षरोपांची वाटचाल

येरमाळा (प्रतिनिधी) : चैत्री पौर्णिमेला येरमाळ्याच्या येडेश्वरी देवीची यात्रा भरते. देवीची पालखी डोंगरावरून खाली येते, भाविक चुन्याच्या रानात चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. त्या दिवसांत बालाघाटाचे डोंगर उघडेबोडके दिसतात. झाडांची पाने गळालेली, गवत वाळून पिवळे पडलेले आणि मुरमाड जमीन तव्यासारखी तापलेली असते. तोच डोंगर श्रावणात पाहिला, तर ओळखू येत नाही. बोरीच्या किंवा हेकळाच्या जाळीखाली वाकून पाहिले, तर दोन-चार पानांची इवलीशी रोपे दाटीवाटीने उगवलेली असतात. त्यांत कडुनिंब, बोर, सीताफळ अशी ओळखीची झाडे सहज सापडतात.

पुढच्या चैत्रापर्यंत यांतील किती रोपे शिल्लक राहतात? जी राहतात ती कशाच्या बळावर? झाडांच्या सावलीत उगवलेल्या रोपाचे पुढे काय होते, या प्रश्नाचा अभ्यास वनस्पतीशास्त्रज्ञ आणि वनाधिकारी शंभराहून अधिक वर्षे करीत आहेत. धाराशिव जिल्ह्यासाठी तर हा प्रश्न अधिकच जिव्हाळ्याचा आहे. जिल्ह्याच्या भौगोलिक क्षेत्राच्या एक टक्काही भाग वनाच्छादित नाही. येरमाळ्याहून धाराशिवकडे जाताना तेरखेड्यानंतर येडशी लागते. तेथील रामलिंग घाट अभयारण्य १९९७ मध्ये घोषित झाले आणि त्याचे क्षेत्र जेमतेम २२ चौरस किलोमीटर आहे. डिसेंबर २०२४ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून साडेचारशेहून अधिक किलोमीटरचे अंतर तोडून आलेला एक वाघ याच वनात कॅमेऱ्यात टिपला गेला, तेव्हा या चिमुकल्या वनाची राज्यभर चर्चा झाली. परंतु वाघाला आसरा देणारे हे वन पन्नास वर्षांनंतर उभे असेल की नाही, हे आज त्याच्या सावलीत उगवणाऱ्या घोट्याएवढ्या रोपांवर अवलंबून आहे.

सावली म्हणजे केवळ अंधार नव्हे

झाडाखाली ऊन कमी पोहोचते, हे कोणीही सांगेल. पण रोपाच्या दृष्टीने सावलीत तीन गोष्टी बदलतात.

पहिली गोष्ट प्रकाशाच्या प्रमाणाची. घनदाट सदाहरित वनात वरच्या पर्णसंभारावर पडणाऱ्या उन्हापैकी एक-दोन टक्केच प्रकाश जमिनीपर्यंत येतो. बालाघाटातील विरळ पानझडी वनात हे प्रमाण पुष्कळ अधिक असते आणि ते ऋतूनुसार बदलते. श्रावणात पाने दाट असताना सावली गडद असते, तर फाल्गुन-चैत्रात पाने गळाल्यावर ती जवळजवळ नाहीशी होते.

दुसरी गोष्ट प्रकाशाच्या रंगाची. पानातील हरितद्रव्य लाल आणि निळा प्रकाश शोषून घेते, परंतु त्यापलीकडचा गडद लाल प्रकाश बहुतांशी खाली जाऊ देते. त्यामुळे झाडाखालच्या प्रकाशात लाल आणि गडद लाल यांचे प्रमाण बिघडलेले असते. वनस्पतींमध्ये हा फरक ओळखणारे फायटोक्रोम नावाचे रंगद्रव्य असते. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल्ट्सव्हिल येथील शास्त्रज्ञांनी त्याचा उलगडा केला. आपल्यावर दुसऱ्या झाडाची पाने आहेत हे बियाला किंवा रोपाला याच रंगद्रव्यामुळे कळते. उन्हाची आवड असलेल्या अनेक झाडांचे बारीक बी सावलीत पडले तर उगवतच नाही. वरचे झाड पडून ऊन येईपर्यंत ते मातीत वाट पाहते.

तिसरी गोष्ट कवडशांची. पानांच्या फटींतून येणारा कवडसा काही सेकंद किंवा काही मिनिटेच एका जागी राहतो. तरीही दाट वनातील रोपाला दिवसभरात मिळणाऱ्या प्रकाशापैकी निम्म्याहून अधिक वाटा कित्येकदा या कवडशांचाच असतो. एक कवडसा येऊन गेला की पानाची अन्न तयार करणारी यंत्रणा काही काळ सज्ज राहते आणि दुसरा कवडसा आला की ती लगेच कामाला लागते.

बियातील शिदोरी

उगवल्यानंतरचे पहिले काही आठवडे रोप आईने दिलेल्या शिदोरीवर जगते. ही शिदोरी बीजदलांत साठवलेली असते. आंब्याची कोय, जांभळाची बी किंवा मोहाची टोळंबी मोठी असते आणि तिच्यातून येणारे रोप पहिल्याच झटक्यात वीतभर वाढून पाने पसरू शकते. वर पुरेसे ऊन नसले तरी काही दिवस त्याची उपासमार होत नाही. याउलट वडा-पिंपळाचे बी मोहरीहूनही बारीक असते. त्याच्या रोपाला उगवल्या क्षणापासून स्वतःचे अन्न स्वतः तयार करावे लागते. म्हणूनच वड-पिंपळाची रोपे वनाच्या गर्द तळाशी क्वचित दिसतात. भिंतीच्या भेगेत, विहिरीच्या काठावर किंवा दुसऱ्या झाडाच्या उंच बेचक्यात ती सहज दिसतात, कारण तेथे उजेड भरपूर असतो.

मोठ्या बियांनाही एक उणेपणा असतो. आंबा, मोह, कडुनिंब यांच्या बियांची उगवणशक्ती फार दिवस टिकत नाही. निंबोळी पिकून पडली की काही आठवड्यांतच तिला ओलावा मिळाला पाहिजे. ज्येष्ठ-आषाढात पिकणारी निंबोळी आणि त्याच सुमारास येणारा पाऊस यांचा मेळ निसर्गाने घातला आहे. पाऊस महिनाभर लांबला, तर त्या वर्षीची बरीचशी निंबोळी वाया जाते.

पानाचा जमाखर्च

शिदोरी संपल्यावर रोपाचा खरा संसार सुरू होतो. पान प्रकाशाच्या साहाय्याने साखर तयार करते, ही जमा. पान, खोड आणि मूळ श्वसनासाठी ती साखर खर्च करतात, हा खर्च. ज्या प्रकाशात जमा आणि खर्च समसमान होतात, त्या पातळीखाली रोप दीर्घकाळ राहिले तर ते हळूहळू खंगत जाते.

सावली सोसणारी झाडे हा जमाखर्च दोन्ही बाजूंनी सांभाळतात. सावलीतले पान उन्हातल्या पानापेक्षा पातळ आणि पसरट असते. तेवढ्याच सामग्रीत अधिक क्षेत्रफळाचे पान तयार होते आणि हाती येईल तेवढा प्रकाश टिपला जातो. पाने एकमेकांवर सावली पडणार नाही अशा बेताने मांडलेली असतात. खर्चाच्या बाजूला अशा रोपांचे श्वसन मंद असते, वाढ सावकाश असते आणि पाने दीर्घकाळ टिकतात. त्यांचे पान किडीने खाल्ले किंवा जनावराने तोडले, तर ते भरून काढायला फार काळ लागतो. म्हणून अनेक सावलीप्रिय झाडांची पाने कडक, चिवट किंवा कडवट असतात.

उन्हाची आवड असलेल्या झाडांची रीत याच्या उलट असते. साग, बाभूळ, खैर यांची रोपे मोकळ्या उन्हात झपाट्याने वाढतात, पण दाट सावलीत त्यांचा खर्च जमेपेक्षा अधिक होतो. ती उंच, बारीक आणि पिवळट होतात आणि अखेरीस कोलमडतात. सागाच्या दाट वनात सागाची तरणी रोपे कमी दिसतात, त्याचे हे एक कारण आहे.

सह्याद्रीत प्रकाशाची टंचाई, बालाघाटात पाण्याची

सावलीतील रोपांसंबंधीचे बरेचसे संशोधन सदाहरित वनांत झालेले आहे. तेथे रोपाचा मुख्य शत्रू अंधार असतो. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडच्या पर्जन्यवनांत जोसेफ कॉनेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकापासून रोपांना खुणा करून त्यांची मोजणी केली. काही रोपे जवळजवळ न वाढता दशकानुदशके तग धरून राहिल्याचे त्यांना आढळले. एखादे जुने झाड वादळात उन्मळून पडले की वर आभाळाला खिडकी पडते, ऊन थेट जमिनीवर येते आणि वर्षानुवर्षे थांबलेली रोपे एकाएकी उंचीच्या शर्यतीत उतरतात. आंबोली किंवा महाबळेश्वर परिसरातील सदाहरित राईत शिरले की जमिनीलगत अशीच वाट पाहणारी रोपे दिसतात.

बालाघाटाची गोष्ट वेगळी आहे. हा पर्जन्यछायेचा प्रदेश. येथे वर्षाकाठी सरासरी सातशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही चार महिन्यांत आणि मोठमोठ्या खंडांसह. बेसॉल्ट खडकावर मातीचा थर उथळ असतो आणि पावसाचे पाणी उतारावरून वाहून जाते. त्यानंतरचे सात-आठ महिने रोपाला मातीत उरलेल्या ओलीवर काढावे लागतात. येथे रोपाचा पहिला शत्रू कोरड असते.

त्यामुळे सावलीचा अर्थही येथे बदलतो. एप्रिल-मे महिन्यांत उघड्या, काळसर जमिनीच्या पृष्ठभागाचे तापमान पन्नास अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. रोपाचे कोवळे खोड जमिनीला जेथे टेकते, तेथील पेशी या उष्णतेने भाजून निघतात. झुडपाच्या सावलीत तीच जमीन कितीतरी थंड राहते, मातीतली ओल अधिक दिवस टिकते आणि पानांतून उडणारे पाणीही कमी होते. गळून पडलेला पालापाचोळा जमिनीवर पांघरुणाचे काम करतो.

मात्र सावलीचे हे दान विनामोल नसते. कमी प्रकाशात कमी साखर तयार होते आणि मुळांच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. दाट सावलीत वाढलेल्या रोपाचे मूळ आखूड राहते आणि दुष्काळी वर्षात ते खोलवरच्या ओलीपर्यंत पोहोचू शकत नाही. शुष्क वनांत जगभर झालेल्या अभ्यासांतून दिसणारे सर्वसाधारण चित्र असे, की विरळ, हलती सावली रोपांना जगवते, तर पुढे जोमाने वाढण्यासाठी त्यांना ऊनच लागते. पहिल्या एक-दोन उन्हाळ्यांत आडोसा आणि त्यानंतर मोकळे आभाळ, हा क्रम ज्या रोपाला लाभतो ते झाड होते.

मेलेले रोप खरेच मेलेले असते का?

शुष्क वनातील रोपांचे एक वैशिष्ट्य पाहणाऱ्याला हमखास चकवते. श्रावणात हिरवेगार दिसलेले रोप माघ-फाल्गुनात वाळून काडी होते. चैत्रात तेथे काहीच उरलेले नसते. ते मेले असे समजून आपण पुढे जातो. मृगाचा पाऊस पडला की त्याच जागी, जमिनीलगत पुन्हा नवा कोंब येतो.

साल, बिवळा, सालई अशा अनेक भारतीय झाडांची रोपे पहिली काही वर्षे दरवर्षी वरून वाळतात आणि मुळापासून पुन्हा फुटतात. ब्रिटिश काळातील वनाधिकारी रॉबर्ट ट्रूप यांच्या १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘द सिल्व्हिकल्चर ऑफ इंडियन ट्रीज’ या तीन खंडांच्या ग्रंथात भारतीय वृक्षांच्या बाल्यावस्थेचे तपशीलवार वर्णन आहे आणि वनखात्यात तो आजही संदर्भासाठी वापरला जातो. वरचे खोड दरवर्षी मरत असले तरी खालचे सोटमूळ मात्र दरवर्षी थोडे अधिक खोल जाते, थोडे अधिक जाड होते आणि त्यात अन्नाचा साठा वाढत जातो. पाच-सात वर्षांनी, कधी त्याहूनही उशिरा, हा साठा पुरेसा झाला आणि एखादे पाऊसमान चांगले लाभले की त्या मुळातून निघालेला कोंब एकाच हंगामात गवताच्या वर डोके काढतो. वीतभर दिसणारे रोप वयाने बरेच मोठे असू शकते, ते यामुळे.

अंजनासारखे काटक झाड तर सुरुवातीपासून आपली सारी शक्ती मुळाकडे वळवते. त्याचे सोटमूळ खडकाच्या भेगांतून खाली उतरते. टेंभुर्णीची मुळे जमिनीखाली आडवी पसरतात आणि त्यांना जागोजागी फुटवे येतात. तमिळनाडूतील मुदुमलाईच्या शुष्क पानझडी वनात भारतीय विज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८८ पासून ५० हेक्टर क्षेत्रातील झाडांची नोंद ठेवली आहे. वणव्यात वरचा भाग जळून गेलेली लहान झाडे मोठ्या संख्येने मुळांतून पुन्हा फुटतात, हे तेथेही दिसून आले. शुष्क वनाचे बरेचसे भांडवल अशा रीतीने जमिनीखाली असते.

काटेरी जाळीचा आडोसा

येरमाळा परिसरातील माळरानावर कडुनिंबाचे रोप शोधायचे असेल, तर मोकळ्या जागी शोधू नये. बोराटीच्या, हेकळाच्या किंवा निवडुंगाच्या जाळीत शोधावे. कडुनिंब काट्यांच्या आश्रयाने उगवतो, हे जुन्या वनाधिकाऱ्यांनीही नोंदवून ठेवले आहे. निंबोळ्या खाऊन पक्षी अशा झुडपांवर बसतात, बी खाली पडते आणि जाळीतील थंडाव्यात उगवते. कडुनिंबाचे रोप बालपणी बरीच सावली सोसू शकते. काही वर्षांनी ते जाळीच्या डोक्यावर निघते आणि मग त्याच जाळीला स्वतःच्या सावलीने मागे टाकते.

चंदनाची कथा याहून रोचक आहे. बांधावरच्या काटेरी झुडपांत पक्ष्यांच्या विष्ठेतून पडलेल्या बियांपासून चंदन उगवते. त्याचे रोप अर्धपरजीवी असते. त्याच्या पानांत हरितद्रव्य असते, पण पाणी आणि क्षार मिळवण्यासाठी ते शेजारच्या झाडाच्या मुळांना आपली शोषक मुळे जोडते. म्हणून कोवळ्या चंदनाला सावलीबरोबरच सोबतीची गरज असते. जाळी साफ करून, भोवतालची झुडपे तोडून लावलेले एकटे चंदन बहुधा जगत नाही, त्याचे कारण हेच.

काट्यांचा दुसरा उपयोग चराईपासून संरक्षणाचा. हा जिल्हा उस्मानाबादी शेळीचे माहेरघर आहे. अल्पभूधारक आणि भूमिहीन कुटुंबांचा संसार या शेळीने सावरला आहे, हे विसरून चालणार नाही. परंतु शेळी रोपाचा शेंडाच खुडते. दरवर्षी शेंडा गेला की रोप वर्षानुवर्षे वीतभरच राहते आणि मुळातील साठा संपला की मरते. ज्या झाडांना जनावरे तोंड लावत नाहीत, तीच मग डोंगरावर वाढतात. पळस आणि सीताफळ माळावर जागोजागी दिसतात, यामागे त्यांच्या काटकपणाइतकाच हाही भाग आहे. सीताफळाची झुडपे मात्र इतर रोपांना आडोसा देण्याचे काम चांगले करतात.

आईच्या सावलीत लेकरू का वाढत नाही?

पालखी ज्या आमराईत मुक्कामाला जाते, तसल्या कोणत्याही जुन्या आमराईत आषाढात गेले तर झाडाखाली कोयांतून उगवलेली तांबूस पानांची रोपे दिसतात. दिवाळीपर्यंत त्यांतील बहुतेक नाहीशी होतात. सावली हे त्याचे एक कारण असले, तरी एकमेव नव्हे.

डॅनियल जॅन्झेन यांनी १९७० मध्ये आणि जोसेफ कॉनेल यांनी १९७१ मध्ये स्वतंत्रपणे एक कल्पना मांडली. प्रत्येक जातीच्या झाडाभोवती त्या जातीवर पोसणाऱ्या किडी आणि रोगकारक बुरशी गोळा झालेल्या असतात. त्यामुळे आईच्या अगदी जवळ पडलेल्या बियांचा आणि रोपांचा नाश अधिक होतो, तर दूर गेलेल्या बियांना जगण्याची संधी अधिक मिळते. दाट सावलीत जमीन सतत ओली राहते आणि अशा ओलीत बुरशीमुळे रोपे बुडाशी कुजून कोलमडतात. मिरची-वांग्याच्या रोपवाटिकेत शेतकऱ्यांना हा रोग चांगला परिचित आहे. वनातही तो हजारो रोपांचा बळी घेतो.

सर्वच बुरशी वैरी नसतात. मायकोरायझा या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बुरशी रोपाच्या मुळांशी सहजीवन करतात. मुळे जेथे पोहोचू शकत नाहीत, तेथून त्या स्फुरद आणि पाणी मिळवून देतात आणि मोबदल्यात रोपाकडून साखर घेतात. जुन्या झाडाखालच्या मातीत ही बुरशी आधीच नांदत असते. उजाड, धूप झालेल्या मातीत ती क्षीण झालेली असते. म्हणून आईपासून थोडे दूर, पण वनाच्या मातीत पडलेले बी सर्वांत भाग्यवान म्हणावे लागेल. बी दूर नेणारे बुलबुल, मैना, वटवाघळे, कोल्हे आणि माकडे हे या व्यवहारातील खरे पेरणी करणारे होत.

वणवा, घाणेरी आणि उंदीरमारी

येथे ‘उंदीरमारी’ हे नाव गिरिपुष्पाचे. मध्य अमेरिकेतून आलेले हे झाड मातीला नत्र देते, जनावरे त्याला फारशी खात नाहीत आणि ते फांदीनेही लागते. म्हणून राज्यातील अनेक टेकड्यांवर त्याची लागवड झाली. टेकडी लवकर हिरवी दिसते, परंतु त्याच्या दाट गर्दीखाली स्थानिक झाडांची रोपे फारशी दिसत नाहीत. घाणेरीचेही तसेच. तिची जाळी काटेरी असली तरी बोरीच्या जाळीसारखी विरळ नसते. तिच्याखाली प्रकाश फार थोडा पोहोचतो आणि वाळल्यावर ती वणव्याला सरपण पुरवते. आडोसा आणि कोंडमारा यांतला फरक या दोन जाळ्यांत पाहायला मिळतो.

माघ-फाल्गुनात लागणारे वणवे बहुतांशी मानवनिर्मित असतात. नवे गवत चांगले यावे या समजुतीने वाळले गवत पेटवले जाते. एखादा वणवा मुळात साठा असलेले रोप सोसते. परंतु दरवर्षी वणवा लागला, तर त्याच वर्षी उगवलेली, अजून मूळ न धरलेली रोपे जवळजवळ सर्व जातात. वरची मोठी झाडे उभीच असल्याने वन शाबूत आहे असे वाटत राहते. प्रत्यक्षात त्या वनात म्हातारी झाडे असतात आणि त्यांच्या मागून येणारी पिढी नसते. ही हानी तीस-चाळीस वर्षांनंतर, जुनी झाडे पडू लागल्यावर दिसते आणि तोवर उपाय करण्याची वेळ निघून गेलेली असते.

लागवड आणि राखण

महाराष्ट्र शासनाने २०१६ ते २०१९ या काळात ५० कोटी वृक्षलागवडीचा कार्यक्रम हाती घेतला होता. त्यातील शेवटच्या वर्षाचे उद्दिष्ट ३३ कोटींचे होते. अशा कार्यक्रमांनंतर जगलेल्या रोपांच्या संख्येवरून दरवेळी वाद होतो. रोपाच्या स्वभावाचा विचार केला तर काही अडचणी सहज लक्षात येतात. रोपवाटिकेत शेडनेटखाली वाढलेल्या रोपाची पाने सावलीची असतात. ते थेट उघड्या डोंगरावर लावले, तर ती पाने करपतात. म्हणून लागवडीपूर्वी काही आठवडे पाणी कमी करीत आणि ऊन वाढवीत रोप काटक करून घ्यावे लागते. पिशवीत फार दिवस राहिलेल्या रोपाचे सोटमूळ तळाशी गुंडाळले जाते आणि ज्या मुळावर शुष्क प्रदेशात सारे अवलंबून, तेच अधू होते. लागवडीसाठी जमीन साफ करताना काटेरी झुडपे आणि आपोआप आलेली रोपे काढून टाकली जातात, हा तर उघड तोटा.

याला पर्याय आहे तो राखण करण्याचा. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजार गावाने १९९० च्या दशकात पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदी स्वीकारली. जलसंधारण आणि लागवडीच्या जोडीला या बंदीमुळे गावाभोवतीचे उजाड डोंगर हिरवे झाले. गावकऱ्यांनी गवत कापून नेण्याची मुभा ठेवल्याने जनावरांच्या चाऱ्याचा प्रश्नही सुटला. आफ्रिकेतील नायजर या अतिशुष्क देशात १९८० च्या दशकापासून शेतकऱ्यांनी शेतातील जुन्या खुंटांतून आणि मुळांतून येणारे फुटवे तोडण्याऐवजी निवडून राखण्यास सुरुवात केली. सुमारे ५० लाख हेक्टर क्षेत्रावर त्यातून पुन्हा झाडे उभी राहिली. तेथे बहुतांश रोपे कोणी लावली नव्हती. ती जमिनीत होतीच.

चौकट : बांधावर, माळावर आणि डोंगरावर काय करता येईल?

● बोर, हेकळ, करवंद, निवडुंग यांच्या जाळ्या सरसकट साफ करू नयेत. आत कडुनिंब, चंदन, बेल यांची रोपे आहेत का, ते आधी पाहावे.

● उन्हाळ्यात वाळलेले रोप उपटू नये. जमिनीलगतचे खोड नखाने हलके खरवडून आत हिरवेपणा दिसतो का ते पाहावे. तो न दिसला तरी एक पावसाळा वाट पाहावी.

● जाळीच्या वर डोके काढलेल्या रोपाभोवतीच्या फांद्या थोड्या विरळ कराव्यात. आता त्याला ऊन हवे असते.

● उघड्या जागी लावलेल्या रोपाच्या नैर्ऋत्य आणि पश्चिम बाजूस दगडांचा किंवा काट्यांचा आडोसा करावा. दुपारनंतरचे ऊन सर्वाधिक तापदायक असते.

● पालापाचोळा जाळू नये. तो आळ्यात पसरावा.

● निंबोळी, मोह, आंबा यांचे बी ताजे असतानाच टोकावे. जागेवर टोकलेल्या बियाचे सोटमूळ सरळ खाली जाते.

● संपूर्ण डोंगरावर बंदी शक्य नसेल, तर एकेक भाग आळीपाळीने काही वर्षे चराईसाठी बंद ठेवावा आणि तेथील गवत कापून न्यावे. शेळीपालकांना पर्यायी चारा मिळाला तरच ही बंदी टिकते.

पुढच्या चैत्रात पाहण्यासारखे

चैत्री यात्रेला डोंगर चढणाऱ्यांना वाटेच्या दोन्ही बाजूंना सुकलेले गवत आणि काटेरी जाळ्या दिसतील. त्या जाळ्यांच्या बुडाशी वाळलेल्या काड्यांसारखे काही उभे असेल, तर ते कडुनिंबाचे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षातले रोप असू शकते. वरून निष्पर्ण, पण खाली मूळ जिवंत ठेवून पावसाची वाट पाहणारे. काडी पेटवताना, कुऱ्हाड उचलताना किंवा जागा साफ करताना एवढे ध्यानात राहिले, तरी बालाघाटाच्या वनाची पुढची पिढी वाचण्यास मोठा हातभार लागेल. रोपे लावण्यासाठी खड्डे खणावे लागतात, पाणी घालावे लागते, निधी लागतो. डोंगराने आपणहून उगवलेल्या रोपांसाठी मात्र आपल्याला बहुतेक वेळा एकच गोष्ट करावी लागते : त्यांच्या पहिल्या काही उन्हाळ्यांचा आडोसा मोडू द्यायचा नाही.